आफाकी, हबशी, चाऊस आणि व्हिसाधारक

परमुलखातून येऊन राहिलेला माणूस किती काळ परका राहतो, या प्रश्नाचे उत्तर सहसा त्याच्या जन्मगावाकडे, रंगरूपाकडे किंवा त्याच्या पासपोर्टाकडे बोट दाखवून दिले जाते. परंतु छत्रपती संभाजीनगर आणि त्याच्या परिसरातील दौलताबाद, खुलताबाद, अजिंठा या गावांचा सुमारे सातशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर हे उत्तर तोकडे पडते. ज्या शहराचा पाया इथिओपियात जन्मलेल्या आणि गुलाम म्हणून वारंवार विकल्या गेलेल्या माणसाने घातला, ज्याच्या पाणचक्कीभोवती बुखाऱ्याकडचे फकीर आणि शिपाई जमत, आणि ज्याच्या विद्यापीठात आज येमेन, इराक, सुदानकडचे विद्यार्थी प्रबंध लिहितात, त्या शहरात परकेपण जन्माने चिकटत नव्हते. आलेला माणूस कोणाच्या चाकरीत शिरला, कोणाशी सोयरीक केली, घरात कोणती भाषा बोलू लागला आणि परतीचा विचार त्याने सोडला की नाही, यांवर ते ठरत असे. ठरवणारे मात्र नेहमीच उदार होते असे नाही. कधीकधी हा हिशेब तलवारीने चुकता झाला.

१३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची माणसे देवगिरीला, म्हणजे दौलताबादला हलवली, हा प्रसंग शालेय पुस्तकांत लहरी सुलतानाचा फसलेला प्रयोग म्हणून येतो. राजधानी फसली हे खरे, पण माणसे सगळी परत गेली नाहीत. त्यांच्याबरोबर आलेले सूफी खुलताबादच्या मातीत विसावले. त्यांची बोली मराठी, कानडी आणि तेलुगूच्या शेजाराने बदलत दख्खनी झाली. आणि शहरातील हिमरूचे विणकाम व नान-खलिया हे पदार्थ त्याच स्थलांतराबरोबर आले, अशी स्थानिक परंपरा सांगते. याच काळात, १३४२ च्या सुमारास, मोरोक्कोतील तंजा या बंदरात जन्मलेला प्रवासी इब्न बतूता दौलताबादेवरून गेला. त्याने तेथील गायक-गायिकांच्या बाजाराचे कौतुकाने वर्णन केले आहे, पण त्याहून मोलाची आहे ती नंदुरबारच्या मराठ्यांविषयीची त्याची नोंद. हे लोक भात, भाज्या आणि तिळाचे तेल खातात, प्राण्यांना इजा करणे त्यांना आवडत नाही, जेवणाआधी ते सोवळ्याने अंग धुतात, मद्य पीत नाहीत आणि जवळच्या नात्यात लग्ने करीत नाहीत, असे तो लिहितो. चुलत भावंडांच्या लग्नांना सरावलेल्या अरब जगातल्या माणसाला सात पिढ्यांचे अंतर मोजणारा समाज विलक्षण वाटणे साहजिकच होते. विशेष म्हणजे या नोंदीत कुचेष्टा नाही. शेजाऱ्याच्या ताटात आणि सोयरिकीत काय चालते हे परक्याला पहिल्यांदा दिसते, आणि सहवासाची कसोटी पुढेही याच दोन ठिकाणी लागत राहिली.

बहमनी राज्यात या प्रश्नाला राजकीय नाव मिळाले. इराण, इराक आणि मध्य आशियातून समुद्रमार्गे येऊन दरबारात वर चढलेल्या सरदारांना ‘आफाकी’ किंवा ‘गरीब’ म्हणत. त्या काळच्या फारसीत ‘गरीब’ म्हणजे परमुलखातला माणूस. त्यांच्या विरुद्ध बाजूला होते दख्खनी, म्हणजे आधीच्या स्थलांतरितांचे वंशज आणि येथलेच धर्मांतरित. दोन्ही गट मुसलमान होते, दोन्ही एकाच सुलतानाचे चाकर होते, आणि तरीही त्यांच्यातील वैराने राज्य पोखरून टाकले. पंधराव्या शतकाच्या मध्यास चाकणला मोठ्या संख्येने परदेशी सैनिक दगाफटक्याने मारले गेले. १४८१ मध्ये गीलान प्रांतातून आलेला कर्तबगार वजीर महमूद गावान बनावट पत्राच्या आरोपावरून मारला गेला. या कटाचा प्रमुख सूत्रधार म्हणून मलिक हसन या दख्खनी सरदाराचे नाव घेतले जाते. तो जन्माने ब्राह्मण होता आणि त्याच्या पूर्वजांचे कुलकर्णीपण आजच्या परभणी जिल्ह्यातील पाथरीला होते, असे फरिश्ता हा इतिहासकार नमूद करतो. याच मलिक हसनच्या मुलाने पुढे अहमदनगरची निजामशाही स्थापन केली. फरिश्ता स्वतः परदेशी होता. अहमदनगरात १५८९ साली परदेशीयांची कत्तल झाली तेव्हा त्याला विजापूर गाठावे लागले, म्हणून त्याच्या लेखनात दख्खनी लोकांविषयी कडवटपणा आढळला तर त्याचे नवल वाटू नये.

या वादात आफ्रिकेतून आलेले हबशी कोणत्या बाजूला होते, हे पाहणे उद्बोधक आहे. जन्माने त्यांच्याइतके दूरचे कोणीच नव्हते, तरीही ते बहुधा दख्खनी गटात मोजले जात. कारण उघड आहे. इराणी सरदाराची गलबते, व्यापार, भाऊबंद आणि भाषेची प्रतिष्ठा पलीकडच्या किनाऱ्यावर शाबूत असे; तो नाराज झाला तर परत जाऊ शकत असे. गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या हबशाला मागे वळून पाहायला घरच उरलेले नसे, त्यामुळे त्याची निष्ठा, लग्न आणि महत्त्वाकांक्षा येथेच रुजत. या रुजण्यामागे माणसांच्या खरेदी-विक्रीची क्रूरता होती, हे विसरून त्याला सलोख्याची कथा बनवणे अप्रामाणिकपणाचे होईल.

मलिक अंबर हे त्याचे सर्वांत मोठे उदाहरण. सुमारे १५४८ साली इथिओपियात जन्मलेला हा मुलगा विकला जात बगदादला पोचला, तेथे त्याला शिक्षण आणि नवे नाव मिळाले, आणि अखेरीस अहमदनगरचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखान स्वतःही एकेकाळचा हबशी गुलामच होता. मालकाच्या मृत्यूनंतर मुक्त झालेल्या अंबरने काही काळ विजापूरची चाकरी केली, आणि १६०० मध्ये अहमदनगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडल्यावर निजामशाहीच्या एका वंशजाला गादीवर बसवून पंचवीसेक वर्षे राज्य प्रत्यक्षात स्वतः चालवले. १६१० मध्ये त्याने खडकी या खेड्याच्या जागी नगर वसवले. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. १६१२ चा भडकल दरवाजा मोगलांवरील विजयाची खूण म्हणून उभारला गेला. डोंगरातील भूजल खापराच्या नळांतून आणि भुयारी पाटांतून शहरात खेळवणारी नहर-ए-अंबरी ही योजना तर त्याच्या नावानेच ओळखली जाते. पाणी, सारा आणि पेठा यांची घडी बसवणारा माणूस परका कसा म्हणावा, असा प्रश्न त्या काळच्या रयतेला पडला असेल असे वाटत नाही. मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा ही जुन्या पुऱ्यांची नावे मालोजी, खेलोजी, परसोजी, विठोजी या भोसले मंडळींवरून पडली, असे परंपरेने सांगितले जाते. आफ्रिकी वजिराच्या राजधानीत मराठा सरदारांचे वाडे आणि पुरे असणे हे त्या राजकारणाचे रोजचे रूप होते, कारण त्याची गनिमी लढाई मराठा घोडदळावाचून चालतच नव्हती.

त्याच्याकडे पाहण्याच्या नजरा मात्र तीन प्रकारच्या होत्या. बादशहा जहांगीर आत्मचरित्रात अंबरचा उल्लेख काळ्या तोंडाचा म्हणून करतो, आणि अबुल हसन या चित्रकाराकडून त्याने असे चित्र काढवून घेतले की ज्यात तो भाल्यावर खोचलेल्या अंबरच्या शिरावर बाण सोडत आहे. प्रत्यक्ष रणात हे शिर त्याला कधीच मिळाले नाही. १६१७ मध्ये अंबरला भेटलेला डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रूक याने त्याची उंच बांध्याची, रोमन चेहऱ्याची, करारी मूर्ती आणि त्याच्या मुलखातील कडक बंदोबस्त आदराने टिपला; अर्थात त्याला मालाच्या सुरक्षित वाहतुकीचा परवाना हवा होता, आणि भेट म्हणून त्याने जपानी तलवार व जावाची कट्यार पुढे केली होती. तिसरी नजर ‘शिवभारत’कार कवींद्र परमानंदाची. छत्रपती शिवाजी महाराजांच्या दरबारातील या संस्कृत कवीने १६२४ च्या भातवडीच्या लढाईच्या वर्णनात अंबरच्या पराक्रमाची बूज राखली आहे, कारण त्या रणात शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले होते. रंगाचा उल्लेख शत्रूच्या लेखणीत ठळक होतो आणि सोबत्याच्या लेखणीत मागे पडतो, ही गोष्ट वंशभेदाच्या चर्चेत सहसा ध्यानात घेतली जात नाही. १६२६ मध्ये अंबर वारला. खुलताबादला त्याची आणि त्याची पत्नी बीबी करीमा हिची कबर आहे.

मोगल आले आणि परदेशीयांचा नवा थर शहरावर बसला. औरंगजेबाच्या दख्खनच्या फौजेत तुराणी, म्हणजे अमू दर्याच्या पलीकडच्या मुलखातले शिपाई मोठ्या संख्येने होते, आणि त्यांच्या पाठोपाठ त्यांचे पीरही आले. बुखाऱ्याजवळच्या गिजदुवानचे बाबा शाह मुसाफिर हे नक्शबंदी, म्हणजे मौन जपाला महत्त्व देणाऱ्या परंपरेतले सूफी, खाम नदीच्या काठी तकिया करून राहिले. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश मात्र छावणीबरोबर फिरत. या दोघांच्या आठवणींचा शिष्याने लिहिलेला फारसी संग्रह उपलब्ध आहे आणि त्याचे सायमन डिग्बी यांनी केलेले इंग्रजी भाषांतर २००१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात युद्धाच्या बातम्यांपेक्षा रोजचे जगणे अधिक दिसते: वाटेवरचे फकीर मुक्कामाला येतात, शिपाई लुटीतला वाटा अर्पण करतात, गावाकडच्या माणसाला चाकरी मिळावी म्हणून शब्द टाकला जातो. तकिया हे देवस्थान होते, धर्मशाळा होती आणि गाववाल्यांना भेटण्याची हक्काची जागाही होती. मुंबईत कोकणी चाकरमान्यांच्या गावकीच्या खोल्या ज्या गरजेतून निघाल्या, तीच गरज येथे दिसते. अठराव्या शतकात उंचावरून आणलेल्या नळाच्या पाण्याच्या दाबावर जाते फिरवणारी पाणचक्की येथे उभी राहिली, आणि तिच्यावर फकिरांच्या व आश्रितांच्या भाकरीचे पीठ दळले जाऊ लागले. शिपायांच्या पुढच्या पिढ्या मध्य आशियात परतल्या नाहीत. त्यांच्यातल्याच एका घराण्याचा निजाम-उल्-मुल्क येथून राज्य करू लागला, आणि १७६३ पर्यंत आसफजाही, म्हणजे निजामांच्या, राज्याची गादी याच शहरात होती.

पुढील शतकात अरब आले. दक्षिण येमेनमधील हद्रमौत या रुक्ष प्रदेशातून पुरुष शिपाईगिरीसाठी बाहेर पडत आणि पेशवे, नागपूरकर भोसले, निजाम यांच्या फौजांत दाखल होत. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यानंतरही मालेगावच्या किल्ल्यातून इंग्रजांशी चिवटपणे लढली ती अरबांचीच शिबंदी. निजामाच्या राज्यात त्यांचे जमादार खजिन्यावर पहारा करीत आणि सावकारीही करीत. सरदारांनाच नव्हे तर सरकारलाही त्यांनी कर्ज दिले आणि तारण म्हणून महाल ताब्यात ठेवले. १८५३ मध्ये दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगाला राज्याची घडी बसवताना हे महाल सोडवून घ्यावे लागले. वसुलीसाठी दारात धरणे धरून बसणारा अरब हे मराठवाड्यातील कर्जबाजारी घरांना धडकी भरवणारे दृश्य असे, आणि त्या काळच्या लोकमतात या परदेशीयांविषयी प्रेम असण्याचे कारण नव्हते. तरीही दोन-तीन पिढ्यांत चित्र पालटले. हद्रमौतमधून बायका येत नसत, त्यामुळे लग्ने येथेच झाली. घरात आईची भाषा बोलली जाऊ लागली, आणि अरबी ही नमाजापुरती उरली. आज संभाजीनगर, जालना, बीड, नांदेडकडे चाऊस आडनावाची जी कुटुंबे भेटतात त्यांचे मूळ या शिबंदीत आहे. चाऊस हा मुळात तुर्की फौजेतला हुद्दा. त्यांतील कित्येकांची बाजारातली मराठी अस्सल मराठवाडी असते.

निजामाच्या राज्यात बाहेरच्यांविषयीची जुनी कुरबुर ‘मुलकी’ आणि ‘गैरमुलकी’ या जोडीने पुन्हा वर आली. उत्तर हिंदुस्थानातून येणारे सुशिक्षित लोक सरकारी नोकऱ्या पटकावतात, ही तक्रार वाढल्यावर राज्याने नियम केले, आणि १९१९ च्या नियमांनुसार जन्माने मुलकी नसलेल्या माणसालाही मुलकी होण्याची वाट ठेवली: राज्यात १५ वर्षे वास्तव्य, आणि पूर्वीच्या गावी परतण्याचा विचार सोडल्याची कबुली. शतकानुशतके व्यवहाराने जे ठरत आले होते ते सरकारने या दोन अटींत कागदावर आणले.

युरोपीयांचे प्रकरण वेगळे. निजामाच्या चाकरीतील आणि कंपनीच्या फौजेतील इंग्रज अधिकारी शहराबाहेरच्या छावणीत राहिले, आणि छावणीची रचनाच शेजार टाळण्यासाठी असते: रुंद रस्ते, लांब अंतरावरचे बंगले, वेगळे दफनस्थान. तरीही सुरुवातीच्या पिढीत कुंपण इतके उंच नव्हते. निजामाच्या सैन्यात कोवळ्या वयात दाखल झालेल्या मेडोज टेलरने येथील भाषा मनापासून शिकून घेतल्या आणि हैदराबादेतील विल्यम पामर या हिंदुस्थानी आईच्या पोटी जन्मलेल्या सावकाराच्या मुलीशी लग्न केले. १८५७ च्या आगेमागे हे दार बंद होत गेले, आणि त्या बंद होणाऱ्या दारात उभा दिसतो तो रॉबर्ट गिल.

मद्रास सैन्यातील या अधिकाऱ्याला १८४४ मध्ये अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती काढण्यासाठी नेमण्यात आले आणि त्याचे उरलेले आयुष्य बहुतांशी याच मुलखात गेले. अजिंठा गावातील बारादरीत मुक्काम, तेथून लेण्यांपर्यंत घोड्यावरून रपेट, वाघरेच्या खोऱ्यातले जंगल, अंधाऱ्या विहारात तासन्‌तास बसून मोठ्या कापडावर रंगकाम, असा त्याचा दिनक्रम होता. त्याचे एका इंग्रज स्त्रीशी लग्न झालेले होते. अजिंठ्यात पारो या स्थानिक स्त्रीशी त्याचे नाते जुळले, आणि ती २३ मे १८५६ रोजी वारली तेव्हा त्याने गावात तिची कबर बांधून त्यावर तिचे नाव, मृत्यूची तारीख आणि ती आपली प्रिय होती ही कबुली इंग्रजीत कोरवली. या एका शिळेपलीकडे पारोविषयी भक्कम पुरावा फारसा नाही. ती कोणत्या घरची, तिच्या लोकांनी हे नाते कसे पत्करले, याविषयीच्या कथा पुढे रचल्या गेल्या, ना. धों. महानोरांचे ‘अजिंठा’ हे दीर्घकाव्य आणि त्यावरचा २०१२ चा मराठी चित्रपट यांनी त्या घरोघरी पोचवल्या. प्रेमकथा म्हणून त्या सुंदर आहेत, पण एका बाजूला वेतनधारी गोरा अधिकारी आणि दुसऱ्या बाजूला खेड्यातली स्त्री यांच्यातील सत्तेचे अंतर त्या झाकून टाकतात. गिलच्या बहुतेक प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनजवळच्या सिडनहॅम येथील क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. वार्धक्यातही तो पुन्हा कामाला लागला, आणि १८७९ मध्ये वारल्यावर त्याला भुसावळला पुरण्यात आले. इंग्लंड परत गाठण्याची संधी असूनही न परतलेला हा परदेशी येथलाही झाला नाही, कारण त्याला सामावून घेईल अशी जात, पेठ किंवा तकिया इंग्रजांच्या राज्यात उरलीच नव्हती.

याउलट, परका म्हणून गेलेल्या मराठी माणसाला दुसऱ्या देशाने आपलेसे केल्याचे उदाहरण वऱ्हाड-नागपूरकडचे आहे. गदर चळवळीतील क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्याला देवतेचे स्थान देणाऱ्या त्या समाजात ते मक्याच्या सुधारित वाणांवर संशोधन करीत होते. डिएगो रिव्हेरा या थोर चित्रकाराने भाकरी वाटणाऱ्या माणसाच्या रूपात त्यांना भित्तिचित्रात जागा दिली. मलिक अंबरला पाण्याने आणि खानखोज्यांना धान्याने ज्या प्रकारे आपलेसे केले, त्यात फारसा फरक नाही.

आजचे परदेशी प्रामुख्याने विद्यार्थी आहेत. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या आणि १९९४ पासून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्यापीठात येमेन, इराक, सुदान इत्यादी देशांतून इंग्रजी, वाणिज्य, संगणकशास्त्र अशा विषयांच्या पदव्युत्तर आणि संशोधन पदव्यांसाठी विद्यार्थी येतात. कमी शुल्क, इंग्रजी माध्यम आणि मशीद-हलाल जेवणाची सोय ही त्यामागची व्यावहारिक कारणे. येमेनी विद्यार्थ्याला येथील कडक गोड दुधाचा चहा अनोळखी वाटत नाही, कारण एडनमध्येही वेलची घातलेला दुधाचा चहाच पितात, आणि तेथला झुरबियान हा भाताचा प्रकार बिर्याणीचा सख्खा भाऊ शोभावा असा आहे. याचे कारण जुने आहे: १८३९ पासून जवळपास शतकभर एडनचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले.

शेजाऱ्यांची वृत्ती दुहेरी आहे. जुन्या शहरातील मुस्लिम वस्तीत अरबी ही कुराणाची भाषा, म्हणून ती घरात बोलणाऱ्याविषयी आदर असतो. पण कुराण अरबीत वाचणाऱ्या शेजाऱ्याला त्या भाषेत बोलता येत नाही, आणि विद्यार्थ्याला दख्खनीतले ‘नक्को’ आणि ‘कायकू’ उमजेपर्यंत दोघांचा संवाद मोडक्या इंग्रजीत चालतो. घरमालकाच्या दृष्टीने परदेशी भाडेकरू म्हणजे बरे भाडे आणि वाढीव कटकट, कारण त्याची माहिती २४ तासांत कळवावी लागते. दीर्घ मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याने १४ दिवसांत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयात नोंद करायची, गरज पडेल तेव्हा विद्यापीठाचे प्रमाणपत्र जोडून मुदत वाढवून घ्यायची, आणि मार्गदर्शक बदलला किंवा प्रबंध रेंगाळला तर त्याचाही खुलासा करायचा. २०१४ नंतर येमेन युद्धात होरपळू लागले, घरून पैसे येणे बेभरवशाचे झाले आणि साना शहराचा विमानतळ कित्येक वर्षे प्रवासी विमानांना बंद राहिला, तेव्हा अभ्यास संपला तरी परतायचे कोठे, हा प्रश्न या मुलांपुढे खराखुरा उभा राहिला.

येथे इतिहासाशी असलेला सांधा तुटतो. हबशी, तुराणी आणि हद्रमी अरब यांच्या चाकरीला मुदत नव्हती. ते राहिले, रुजले, आणि त्यांच्या परकेपणाचा निकाल शेजाऱ्यांनी लावला. आजच्या विद्यार्थ्याच्या परकेपणाचा निकाल आधीच कागदावर लागलेला असतो: विद्यार्थी व्हिसा शिक्षणापुरता असतो, त्यावर नोकरी धरता येत नाही, आणि परत जाण्याचा इरादा हीच त्याच्या येथे राहण्याची अट असते. १९१९ च्या मुलकी नियमांनी जो इरादा सोडायला सांगितला, तोच आता बाळगावा लागतो. १९५५ च्या नागरिकत्व कायद्यात दीर्घ वास्तव्यावरून नागरिकत्व मागण्याची तरतूद आहे, परंतु पदवी हाती पडताच मुदत संपणाऱ्या माणसाला ती वर्षे मोजायला सापडत नाहीत. चाऊस आडनावाच्या दुकानदाराकडून किराणा घेणाऱ्या हद्रमौतच्या विद्यार्थ्याला आपण कदाचित एकाच खोऱ्यातले असू याची कल्पना असो वा नसो, दोघांतील फरक सध्या दीडदोनशे वर्षांचा आणि एका व्हिसाच्या शिक्क्याचा आहे.